व्ही-क्रॉसला लिफ्ट नक्की किती? दोन इंच की चार?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. गाडीची उंची वाढवायची, म्हणजे लिफ्ट करायची आहे. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, फोर बाय फोर, टायर कंपनीचेच २५५/६० आर १८. हौदावर टोपण, आत फ्रिज आणि पेटी, म्हणजे मागे कायमचं साधारण १२० किलो वजन. पुढचा बंपर अजून कंपनीचाच आहे. पुढच्या वर्षी लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) लावायचा विचार आहे.

वापर ८० टक्के डांबरी. उरलेल्यात चोरलच्या बाजूच्या वाटा, जानापावची मागची बाजू, जाम गेटखालचे दगडी उतार आणि पावसाळा ओसरल्यावर महूकडचे शेतरस्ते. गाडी तीन ठिकाणी टेकते:

१. ट्रॅक्टरच्या चाकोरीत मधला वरंबा मागच्या डिफला (डिफरन्शियल, दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) लागतो. टेपने मोजलं तर डिफच्या गोळ्याखाली २२० मिमी भरतात.
२. ओढ्यात उतरताना बंपरची खालची कड.
३. शेताचा बांध ओलांडताना साइड स्टेप आणि पोट.

एक दुकानदार म्हणतो, दोन इंचाचे स्पेसर (उंची वाढवायच्या जाड चकत्या) टाका, एका दुपारचं काम. दुसरा म्हणतो, करायचंच तर चार इंचाचं किट आणि ३३ चे टायर, नाहीतर हात लावू नका. दोघांच्या बोलण्यात इतकं अंतर असेल तर मधलं खरं काय? या वापराला किती लिफ्ट पुरे?

---

काळी_माती (इंदूर)

तुमच्या तीन तक्रारींची औषधं तीन वेगळी आहेत. दोन्ही दुकानदार तिन्हींवर एकच गोळी देताहेत.

पहिली तक्रार, डिफ. मागचा अ‍ॅक्सल सरळ चाकांवर उभा आहे. पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) त्याच्या वर, चॅसी (गाडीचा सांगाडा) पाट्यांच्या वर. लिफ्टने वाढतं ते अ‍ॅक्सल आणि चॅसीमधलं अंतर. अ‍ॅक्सल आणि जमीन यांच्यामधलं अंतर तसंच राहतं. दोन इंच टाका, चार टाका, दहा टाका, गोळ्याखाली २२० च भरणार. ते वाढवायला टायरच मोठा हवा, आणि त्यातही वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग पदरात पडतो.

हिशेब असा. तुमचा आत्ताचा टायर ७६३ मिमी उंच. त्याच रिमवर २६५/६५ आर १८ घेतला तर ८०२. फरक ३९, डिफखाली मिळाले साडेएकोणीस. ३३ इंची म्हणजे ८३८ मिमी. फरक ७५, मिळाले ३७. म्हणजे चार इंचाचं अख्खं किट आणि ३३ चे टायर लावूनही त्या वरंब्यासाठी तुमच्या हाती येतात ३७ मिमी, आणि तेसुद्धा टायरमुळे. चार इंच लिफ्टने या तक्रारीत शून्य भर घातली.

यात एक फसवी गोष्ट आहे. तुमच्या गाडीत पुढचा डिफ चॅसीला टांगलेला आहे, स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे, म्हणजे पुढचं प्रत्येक चाक वेगळं वरखाली होतं म्हणून. तो लिफ्टबरोबर वर जातो. मग पुढचं टोक वरंबा सहज पार करतं, चालवणाऱ्याला वाटतं जमलं, आणि मागचा गोळा नांगरासारखा रुततो. काळ्या मातीत तो वरंबा वरून वाळलेला आणि आतून ओला असतो. एकदा गोळा त्यावर बसला की मागची दोन्ही चाकं नुसती फिरतात. अशा वाटेवर चाकोरीत उतरायचंच नाही. एका बाजूची चाकं वरंब्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाकोरीबाहेरच्या काठावर ठेवून चालवायचं. ट्रॅक्टरचं मागचं चाक तुमच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, त्याने पाडलेल्या चाकोरीशी बरोबरी करायला जाऊ नका.

दुसरी, बंपर. ५० मिमी लिफ्टने पुढचा चढाचा कोन (बंपर न टेकता चढता येतो तो) साधारण चार अंशांनी वाढतो. कडा वर कापलेला लोखंडी बंपर त्याहून बरंच जास्त देतो. तो तुम्ही लावणारच आहात, मग त्याच कामासाठी लिफ्टवर वेगळे पैसे कशाला?

तिसरी, पोट. इथे मात्र लिफ्टचा खरा उपयोग आहे. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३०९५ मिमी. एवढ्या लांब गाडीला बांधावर पोट टेकण्याची खोडच असते. पोट ५० मिमी वर गेलं की बांधाचा कोन (पोट न टेकता ओलांडता येतो तो) साडेतीन-पावणेचार अंशांनी सुधारतो. पण त्याआधी ती साइड स्टेप काढा. ती चॅसीच्या खाली लोंबते, आणि बांधावर पोटाआधी तीच टेकते. काढायला अर्धा तास आणि एक सॉकेट सेट. जागी चॅसीला घट्ट धरलेला रॉक स्लायडर (बाजूचा जाड लोखंडी दांडा) लावा. तो वर बसतो आणि टेकला तरी वजन पेलतो.

माझं मत: साइड स्टेप काढणे, २६५/६५ आर १८ ऑल-टेरेन टायर, पुढे ४० आणि मागे ४० ते ५० मिमी लिफ्ट. याच क्रमाने. पहिल्या दोन गोष्टी करून एक पावसाळा काढा, तिसरी लागेल की नाही ते गाडीच सांगेल.

---

बेहड_आणि_बाभूळ (ग्वाल्हेर)

काळी_माती यांचं डिफबद्दलचं म्हणणं बरोबर, पण ४० मिमीवर अडून बसू नये. आमच्याकडे चंबळच्या बेहडात घळीचे काठ मातीचे, उभे आणि अरुंद. तिथे डिफपेक्षा पोट आणि मागचं शेपूट जास्त मार खातं. पिकअपचं शेपूट लांब, त्यात टो-बार खाली. तिथे ६०-६५ मिमी लिफ्ट कामाला येते.

फक्त ५० च्या पुढे गेलात की पुढचे अप्पर आर्म (चाकाला वरून धरणारे दांडे) बदलायची तयारी ठेवा. कंपनीचा आर्म चाक पूर्ण लोंबलं की कॉइलला (पुढच्या गोल स्प्रिंगला) घासू लागतो, त्याचा बॉल जॉइंट टोकाच्या कोनात जातो, आणि कॅस्टर (गाडी सरळ धरून ठेवणारा पुढच्या चाकाचा कल) इतका पडतो की अलाइनमेंटवाल्याला तो परत आणता येत नाही. मग हायवेला ९० वर गाडी स्वतःची वाट शोधत जाते आणि चालवणारा सारखा सावरत बसतो.

---

रामबागकर (इंदूर)

दोघांचेही आभार. साइड स्टेप या रविवारी निघेल. लोंबते हे दिसत होतं, पण पोटाचा दोष मी चॅसीला देत होतो.

आता दोन शंका. स्पेसर आणि नवी कॉइल-शॉकअप यांत नेमका फरक काय? दोन्हीने गाडी तेवढीच वर होते ना? आणि स्पेसर लावलेल्या ओळखीच्या एका गाडीत स्पीड ब्रेकर उतरताना पुढून ‘ठक्’ असा धातूचा आवाज येतो. तो कशाचा?

---

शॉकअप_आणि_पाटे (इंदूर)

तो ‘ठक्’ ऐकून स्पेसर कुठे बसवलाय ते बहुतेक सांगता येईल.

चाकाचा वरखाली एकूण प्रवास ठरलेला असतो. समजा २०० मिमी. गाडी उभी असताना त्यातले ११० वर दबायला आणि ९० खाली लोंबायला शिल्लक आहेत. स्पेसर कॉइलच्या डोक्यावर, शॉकअपच्या कपाच्या आत घातला की कॉइल आधीच दबलेली राहते आणि गाडीला ५० मिमी वर ढकलते. पण शॉकअपची लांबी तीच. म्हणजे आता १६० वर, ४० खाली. स्पीड ब्रेकर उतरताना चाक खाली जायला जातं, ४० मिमीत शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि आतला पिस्टन झाकणावर आपटतो. तोच ठक्. आडव्या-तिडव्या खड्ड्यांत हेच चाक लवकर हवेत उचललं जातं, म्हणजे ज्या कामासाठी लिफ्ट केली तिथेच पकड गेली. वर कॉइल आधीच ताठ, त्यामुळे छोट्या खडीवर गाडी दणके देते.

दुसऱ्या प्रकारात स्पेसर शॉकअपच्या वरच्या बैठकीवर, चॅसी आणि शॉकअपच्या मध्ये बसतो. त्यात कॉइलला हात लागत नाही, गाडी पूर्वीसारखीच मऊ राहते, ठक् येत नाही. म्हणून दुकानदार याला चांगला म्हणतात. याचं दुखणं दोन्ही टोकांना असतं. चाक आता पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबतं, आणि पूर्ण लोंबल्यावर ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट (फिरता फिरता वाकणारा सांधा) आणि बॉल जॉइंट कंपनीने कधी योजलेल्या नाहीत अशा कोनात जातात. उलट चाक पूर्ण दबलं की शॉकअप खाली सरकलेला असल्यामुळे रबरी बंप स्टॉपच्या (शेवटचा दणका झेलणाऱ्या ठोकळ्याच्या) आधी तो स्वतःच आतून टेकतो. असे चार दणके बसले की सील गेलं, तेल बाहेर.

या जागी बसणारा २५ मिमीचा स्पेसर गाडी २५ मिमी उचलत नाही. शॉकअप लोअर आर्मच्या मधोमध कुठेतरी धरलेला असतो, चाक आर्मच्या टोकाला. त्यामुळे वरच्या २५ चे चाकाशी ४५ च्या आसपास होतात. दोन इंच लिफ्ट हवी म्हणून कुणी दोन इंच जाडीचा स्पेसर हातात ठेवला तर ते दुकान सोडा.

नव्या कॉइल आणि शॉकअपच्या जोडीत शॉकअप लांब असतो आणि त्याची मधली जागा नव्या उंचीला धरून बसवलेली असते. म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे प्रवास शिल्लक राहतो. पैसे त्याचेच आहेत.

कॉइल निवडताना उंची नाही, वजन सांगा. लोखंडी बंपर आणि विंच मिळून ८०-१०० किलो पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे येतात. तेवढ्याने गाडीचं नाक २०-२५ मिमी खाली बसतं. आज साध्या बंपरवर ४० मिमीची कॉइल लावलीत तर पुढच्या वर्षी हाती उरतील १५-२०. उलट आजच जड बंपरची कॉइल लावलीत तर वर्षभर नाक वर करून फिराल आणि पुढचा भाग धक्के देईल. म्हणून बंपर आणि कॉइल एकाच वेळी करा. घाई असेल तर कॉइलची खालची बैठक आट्यांवर फिरवता येते असे शॉकअप घ्या, नंतर चार-पाच आटे चढवता येतात.

सीव्ही जॉइंटबद्दल. चाकाशी ४०-५० मिमीपर्यंत कोन सोसवतो. त्यापुढे बुटाच्या (सांध्यावरच्या रबरी वेष्टनाच्या) घड्या एकमेकींवर घासू लागतात, बूट फाटतो, ग्रीस उडतं, आत माती जाते. बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं. दर दोन हजार किलोमीटरला टॉर्चने बघा. चार इंचाच्या किटमध्ये यावर उपाय म्हणून पुढचा डिफ खाली आणायचे ब्रॅकेट देतात. म्हणजे चॅसी वर नेली आणि डिफ परत खाली आणला. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं म्हणतात ते हेच.

---

शॉकअप_आणि_पाटे (इंदूर)

मागच्या पाट्यांचं राहिलं.

मागे उंची वाढवायचे चार रस्ते. नवीन पाट्यांचा संच, जुन्यात एक पाटा वाढवणे, लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी कडी), आणि अ‍ॅक्सल-पाट्यांच्या मध्ये ब्लॉक.

कायमचं वजन १२० किलो असेल तर ‘कायम १५० किलोच्या आसपास’ या हिशेबाचा संच घ्या. दुकानात ३०० किलोचा संच मजबूत म्हणून पुढे करतील. रिकाम्या हौदाला तो जड पडतो, मागचं शेपूट खडीवर उड्या मारतं आणि वळणावर बाहेर जातं.

एक पाटा वाढवणं स्वस्त, पण सगळं काम त्या एका पाट्यावर पडतं. बाकीचे जुने आणि मऊ, तो नवा आणि ताठ. त्याच्या टोकाजवळ वरचा पाटा मोडायचा धोका असतो.

लांब शॅकलमध्ये वाढीचा निम्माच भाग उंचीत येतो. ५० मिमी उंचीला शॅकल १०० मिमीने लांब करावा लागेल, आणि एवढा लांब शॅकल आडवा डुलतो. शिवाय पिनियनचं (डिफमध्ये शाफ्ट जोडला जातो त्या गिअरचं) तोंड वर उचललं जातं. २० मिमीच्या दुरुस्तीपुरता ठीक.

ब्लॉक असल्यास एकच, आणि तो ओतीव किंवा भरीव. एकावर एक दोन कधीच नाही. ब्लॉकमुळे अ‍ॅक्सलचा तरफेचा हात लांबतो, चढावर जोर दिला की अ‍ॅक्सल पाट्यांना पिळतो आणि प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या डिफला फिरवणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, जातो.

बसलेले पाटे परत कमानीत आणायचे असतील तर ट्रान्सपोर्ट नगरला कमानीवाले आहेतच. फक्त थंडे ठोकून कमान देणाऱ्याकडे जा. भट्टीत लाल करून वाकवलेल्या पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. तो सहा महिन्यांत पहिल्यापेक्षा खाली बसतो.

बसवताना जिथे चुकतं ते:

पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट जुने वापरू नका. एकदा कसलेला यू-बोल्ट ताणला जातो, दुसऱ्यांदा तो तेवढी पकड देत नाही. नवे घ्या, चारही नट तिरपे-तिरपे थोडे थोडे कसा, आणि ५०० किलोमीटरनंतर परत टॉर्क रेंच लावा. ढिला यू-बोल्ट म्हणजे सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल तिरका.

पाट्यांच्या डोळ्याचे आणि पुढच्या आर्मचे बुशवाले बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना पूर्ण कसू नका. बुश रबराचा असतो, बाहेरची आणि आतली नळी त्याला चिकटलेली. लोंबत्या अवस्थेत कसलात तर गाडी खाली टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नुसते हाताने भरा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून हलवा, मग कसा. गॅरेजमध्ये ही पायरी हमखास गाळली जाते, कारण खाली उतरवलेल्या गाडीखाली झोपून पाना फिरवायला जागा नसते. उभं राहून बघा.

मागचे शॉकअप लांब हवेत. काम झालं की चॅसीखाली जॅक लावून मागची चाकं पूर्ण लोंबवा आणि ब्रेकचा होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल, अ‍ॅक्सलची हवानळी यांतलं काय ताणलंय ते हाताने चाचपा. लोंबणं शॉकअपने थांबलं पाहिजे, होजने नव्हे. हवानळी ताणून निसटली तर पुढच्या ओढ्यात डिफमध्ये पाणी शिरतं. दोन दिवसांनी तेल दुधाच्या चहासारखं निघतं, तेव्हा कळतं.

मागे भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असलेल्या पिकअपमध्ये (चॅसीवर व्हॉल्व्ह, अ‍ॅक्सलपर्यंत दांडी किंवा स्प्रिंग) मागची उंची वाढली की त्याला वाटतं हौद रिकामा आहे. तो मागचे ब्रेक कमी करतो. दांडीचं टोक लिफ्टएवढं सरकवून घ्यावं लागतं. हे विसरलेल्या गाड्यांचे पुढचे पॅड लवकर संपतात आणि भरल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं. तुमच्या गाडीत दांडी आहे का ते खाली वाकून बघा.

पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा. मागे ५० च्या वर गेलात की गाडी उचलताना ‘घर्रर्र’ थरथर येते. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली ८ ते १२ मिमीचे वॉशर घालून ते खाली आणलं की बहुतेक वेळा जाते. न गेल्यास पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये तिरपी पाचर. आधी वॉशर, मग पाचर.

शेवटी अलाइनमेंट. लगेच एकदा, आणि ५०० किलोमीटरनंतर कॉइल बसल्यावर परत. रिपोर्टवर फक्त ‘टो’ (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) हिरवा दाखवून समाधान करू नका, कॅस्टर दोन्ही बाजूंचा छापून मागा. डावा-उजवा अर्ध्या अंशाच्या आत हवा. हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरचा डोळे दिपून शिव्या घालेल आणि त्याचं बरोबर असेल.

---

बेहड_आणि_बाभूळ (ग्वाल्हेर)

एक भर. लिफ्टमुळे मोठ्या टायरला जागा होते असं सगळे म्हणतात. उभ्या गाडीत होते. पण चाक पूर्ण दबलं की ते मडगार्डच्या आत तिथेच जातं जिथे लिफ्टआधी जायचं. त्या क्षणी जागा देतो तो बंप स्टॉप किंवा कापलेलं लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर). म्हणून मोठा टायर टाकून फक्त लिफ्ट केलेल्या गाड्या पार्किंगमध्ये घासत नाहीत आणि पहिल्याच खळग्यात लायनर फाडतात.

तपासणी अशी करा: एक पुढचं चाक उंच दगडावर किंवा रॅम्पवर चढवा, ते पूर्ण दबू द्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. टायरला खडू फासून ठेवला की कुठे घासतं ते खुणेने कळतं. ८०२ मिमीच्या टायरला तुमच्या गाडीत बहुधा लायनरची मागची कड आणि मडफ्लॅप लागेल. हीट गन आणि कटरचं काम. ८३८ ला पत्र्यालाच हात घालावा लागतो.

स्टेपनीही बघा. ती हौदाखाली लोंबते. मोठा टायर तिथे मावला नाही आणि खाली लटकला, तर मागचा कोन गेला, लिफ्टचे पैसे वाया.

---

महीकाठ (बडोदे)

सगळे उंचीबद्दल बोलताहेत, कलंडण्याबद्दल कुणीच नाही, म्हणून.

समजा दोन चाकांमधली रुंदी १५७० मिमी आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिमीवर. कागदावर गाडी आडवी कलंडायचा कोन येतो ४८ अंश. ५० मिमी लिफ्टने गुरुत्वमध्य साधारण ४५ ने वर, कोन साडेशेहेचाळीस. चार इंच लिफ्ट आणि ३३ चे टायर मिळून १२५ ने वर, कोन साडेत्रेचाळीस. फरक लहान वाटेल. पण हे ताठ खोक्याचं गणित आहे. खऱ्या उतारावर खालच्या बाजूची स्प्रिंग दबते, वरची लोंबते, हौदावरचं सामान कलतं, आणि खालच्या चाकासमोर खळगा आला की बरेच अंश तिथेच संपतात. टोपणावर छताचा रॅक असेल तर त्यावर पाण्याचे कॅन ठेवू नका. वरचे ४० किलो काढले की लिफ्टने गमावलेल्यातला बराच भाग परत मिळतो.

दुसरं, हवा. महीच्या वाळूत लिफ्ट काहीच करत नाही. वाळूत १५-१६ पीएसआय, दगडी वाटेवर १८-२०, आणि साध्या रिमवर १२ च्या खाली नको, टायर रिमवरून निसटतो. हवा कमी केली की गाडी १०-१५ मिमी खाली बसते हे डिफच्या हिशेबात धरा. तुमच्या नव्या टायरने मिळवलेले वीस मिमी तिथे जवळजवळ परत जातात. तरीही दगडात हवा कमीच करा, पकड मिळालेली बरी. छोटा कंप्रेसर सोबत ठेवा.

आणि इथे वाचणाऱ्या जिम्नीवाल्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. जिम्नीला पुढेही ताठ अ‍ॅक्सल. त्यात सीव्हीच्या कोनाची भानगड नाही, पण लिफ्टने अ‍ॅक्सल फिरून कॅस्टर पडतो आणि पॅनहार्ड रॉडमुळे (चॅसीपासून आडवा धरणारा दांडा) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. ४० मिमीच्या पुढे कॅस्टरचे बुश आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड लागतोच. नाही लावला तर ६०-७० च्या वेगाला खड्डा लागून स्टिअरिंग थडथडायला लागतं. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, मागे ताठ अ‍ॅक्सल, म्हणून थारवाल्यांना पुढे व्ही-क्रॉसचं गणित आणि मागे पॅनहार्डचं.

---

काळी_माती (इंदूर)

कायद्याचं एकदा लिहून टाकतो, नाहीतर नंतर प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत दिलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुकानदार ‘कुणी विचारत नाही’ म्हणेल. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर विचारतो. विमा कंपनीला आधी लेखी विचारा. सस्पेन्शन आणि ड्राइव्ह शाफ्टची वॉरंटीही गेली असं धरून चाला. चार इंचाची गाडी दुरून ओळखू येते हाही एक मुद्दा.

स्पीडोमीटर: ८०२ च्या टायरवर ५ टक्के कमी दाखवेल. काटा ८० वर असताना गाडी ८४ ने चाललेली असेल. ओडोमीटरही तेवढाच मागे राहील, म्हणून नवा टायर मायलेज कमी देतो असं वाटतं त्यातलं थोडं खोटं असतं.

---

रामबागकर (इंदूर)

ठरलं असं: साइड स्टेप आत्ता, टायर दिवाळीआधी, पुढची कॉइल बंपरबरोबर, पुढे-मागे ४०. चार इंच बाद. ब्रेकची दांडी खाली वाकून बघतो.

शेवटचा प्रश्न. काम झाल्यावर खरंच ४० मिळाले की ३०, हे मोजायचं कसं? जमिनीपासून मडगार्डपर्यंत?

---

शॉकअप_आणि_पाटे (इंदूर)

जमिनीपासून नको. त्यात टायरची झीज, हवा आणि फरशीचा उतार सगळं मिसळतं, आणि तुम्ही टायरही बदलणार आहात. चाकाच्या मध्यबिंदूपासून बरोबर वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. चारही चाकं, काम करायच्या आधी आणि नंतर. टाकी दोन्ही वेळा सारखीच भरलेली, हौदात नेहमीचं सामान, आत कुणी बसलेलं नको. मोजण्याआधी गाडी दहा-वीस मीटर पुढे-मागे घ्या, जॅकवरून उतरलेली चाकं आत ओढलेली असतात आणि गाडी खोटी उंच दिसते.

हे चार आकडे आजच, साइड स्टेप काढायच्या आधीच, ग्लोव्ह बॉक्समधल्या वहीत लिहून ठेवा. डावा-उजवा फरक ५-७ मिमी असेल तर घाबरू नका, चालकाची बाजू थोडी बसलेलीच असते. १५ असेल तर एखादा पाटा आधीच मोडलाय किंवा सेंटर बोल्ट गेलाय, तो लिफ्टच्या आधी बघा. आणि एक हजार किलोमीटरनंतर परत मोजा. नवी कॉइल ५ ते १० मिमी बसते. त्याहून जास्त बसली तर वजनाच्या मानाने कॉइल हलकी दिलीय, बदलून मागा.

---

रामबागकर (इंदूर)

मोजले. पुढे डावा ५०८, उजवा ५०४. मागे डावा ५३१, उजवा ५१३. मागच्या उजव्या बाजूचा दुसरा पाटा टोकापासून वीतभर आत मोडलेला निघाला.

---

शॉकअप_आणि_पाटे (इंदूर)

मग पाट्यांचा नंबर पहिला लागला. संच दोन्ही बाजूंचा घ्या, एका बाजूचा नको. तोवर हौदातली पेटी घरी ठेवा.